गेल्या महिन्यात पाय कुठे होते?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो आहे. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी ते वहीवरून नजर न काढता विचारायचे, "ताळा केलास का?" ताळा न केलेल्या गणिताला अर्धेच गुण. आम्हाला तो निव्वळ छळ वाटायचा. पुढे डॉक्टर झालो, इथेच देगलूरला दवाखाना टाकला, आणि ताळा न केल्यामुळे माझं एक गणित असं चुकलं की एका माणसाचा जीव जाता जाता राहिला.

संयोजकांनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' असा विषय सुचवला होता. अशी किल्ली माझ्याकडे असती तर मी दवाखाना बंद करून नुसती किल्लीच विकली असती. म्हणून मी त्यांना म्हटलं, किल्ली नको, मी माझी चूक सांगतो. यशाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ वक्ते तुम्हाला मिळतील.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. घरच्यांच्या परवानगीने सांगतो आहे, नाव मात्र सांगत नाही. आपण त्यांना शिंपीदादा म्हणू. वय बेचाळीस. बाजारात छोटं दुकान, एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री. लग्नसराईत दिवसाला दहा-बारा तास मशीनवर बसणारा माणूस. पावसाळ्यात सायकल घसरली, डाव्या घोट्याचं हाड मोडलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं. सहा आठवडे खाटेवर. दुकान बायको सांभाळायची, काजं-बटणं तीच करायची.

प्लास्टर निघालं आणि आठ दिवसांनी ते माझ्याकडे आले. अंगात बारीक ताप, कोरडा खोकला, श्वास आत ओढला की उजव्या बरगडीखाली सुरी खुपसल्यासारखी कळ. एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढुरका डाग. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. ताप, खोकला, कळ, डाग, पेशी; पाचही आकडे जुळले. मी कागदावर 'न्यूमोनिया' लिहिलं आणि इंजेक्शनं सुरू केली.

चौथ्या दिवशी ताप उतरला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. सहाव्या दिवशी थुंकीत रक्ताची रेघ दिसली. आता दुसरं नाव डोक्यात आलं, टीबी. आपल्या भागात खोकल्यात रक्त दिसल्यावर टीबी आठवणार नाही असा डॉक्टर शोधून सापडायचा नाही, आणि तो आठवायलाच हवा. थुंकी तीनदा तपासली, तिन्ही वेळा जंतू नाहीत. तरी गोळ्या सुरू कराव्यात का, असं माझ्या मनात घोळत होतं. दम लागतो अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटलं, दीड महिना झोपून काढलाय, अशक्तपणा असणारच.

त्या दिवशी बाहेर पडताना त्यांची बायको दारात थबकली. म्हणाली, "सायेब, एक इचारू का? पिलास्टर काढल्यावर समद्यांचा पाय काडीसारखा निघतो. ह्यांचा उलटा जाड दिसायलाय. म्या टेपानं मोजला. पोटरी दीड इंचानं जादा भरायलीय."

मी काय म्हणालो ते आजही मला शब्दन् शब्द आठवतं. "वहिनी, मोडलेल्या पायाला थोडी सूज राहतेच. रात्री पायाखाली उशी ठेवा." एवढं बोलून मी पुढच्या रोग्याला हाक मारली. माझं सगळं लक्ष छातीत होतं. छातीच्या रोग्याची बायको पायाबद्दल काय विचारते, असंही वाटून गेलं. आयुष्यभर मापं घेणारी बाई टेप लावून आकडा सांगत होती आणि मी तिला उशी सुचवत होतो.

रात्री अडीचला दारावर थाप पडली. शिंपीदादा लघवीला उठले आणि चक्कर येऊन पडले. जाऊन बघतो तर घामाने बनियन चिंब, ओठ निळसर, नाडी एकशेतीसच्या घरात, रक्तदाब जेमतेम. जीपमध्ये घालून नांदेड गाठलं. तिथे एक ज्येष्ठ डॉक्टर रात्रपाळीला होते. मी छातीचा इतिहास सांगायला लागलो. त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी रोग्याच्या पायावरची चादर बाजूला केली. दोन्ही पोटऱ्या नुसत्या बघितल्या, डाव्या पोटरीला हात लावला आणि मला एवढंच विचारलं, "गेल्या महिन्यात हे पाय कुठे होते?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. सहा आठवडे प्लास्टरमध्ये होते. ते मी केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिहिलंही होतं. फक्त त्याचा छातीशी ताळा करून बघितला नव्हता.

शिंपीदादांना न्यूमोनिया नव्हता आणि टीबीही नव्हता. त्यांच्या पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकले होते. पहिला तुकडा लहान होता, त्याला मी न्यूमोनिया म्हणालो. त्या रात्री मोठा आला.

*

पायातली गुठळी छातीत कशी जाते, हे समजायला शिंप्याच्या मशीनपासून सुरुवात करू. हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं. पण पायातलं रक्त वर कसं येतं? विहिरीचं पाणी वर यायला मोट लागते, तशी या रक्ताला पोटरी लागते. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं. शिरांमध्ये झडपा असतात, म्हणून ते परत खाली येत नाही. पोटरी म्हणजे शरीराचं पायमशीन. रोज दहा तास पाय मारणाऱ्या माणसाचं हे यंत्र सहा आठवडे जाम झालं होतं. साचलेलं रक्त गोठलं.

ही गुठळी शिरेतून सुटली की तिला वाटेत अडवणारं काही नसतं. पुढे शिरा रुंदच होत जातात. मांडीतून पोटात, पोटातून हृदयाच्या उजव्या कप्प्यात, तिथून फुप्फुसाच्या धमनीत. तिथे मात्र वाट पुन्हा फाटे फुटून अरुंद होते आणि गुठळी अडकते. ओढ्यात वाहत आलेला ओंडका पुलाखालीच अडकावा तसं. फुप्फुसात सापडणाऱ्या बहुतेक गुठळ्या पायांतूनच आलेल्या असतात.

आता ती न्यूमोनियासारखी का दिसते ते बघा, कारण माझ्या चुकीची मेख इथेच आहे. गुठळीमुळे फुप्फुसाच्या कडेचा एखादा तुकडा रक्तावाचून मरतो. खुद्द फुप्फुसाला वेदना नसते. वेदना असते वरच्या आवरणाला. मेलेला तुकडा त्या आवरणाला टेकलेला असतो, म्हणून श्वास ओढला की कळ येते. त्या जागी रक्त पाझरतं, म्हणून थुंकीत लाल रेघ. मेलेल्या पेशींमुळे दाह होतो, म्हणून बारीक ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी. हवेच्या जागी रक्त भरतं, म्हणून एक्स-रेवर डाग. कधी छातीत थोडं पाणीही होतं. एकेक लक्षण न्यूमोनियाचं सोंग हुबेहूब वठवतं.

त्याहून फसवी गोष्ट पुढे आहे. हा ताप बऱ्याचदा काही दिवसांनी आपोआप उतरतो. तोवर अँटिबायोटिक सुरू झालेलं असतं, श्रेय त्याला जातं. डॉक्टर खूश, रोगी खूश, आणि पायातली उरलेली गुठळी तिथेच बसून असते. ताप उतरला तेव्हा मी पाठ थोपटून घेतली, ती या श्रेयावर.

मग फरक कसा ओळखायचा? पहिली खूण सुरुवातीची. न्यूमोनिया बहुधा चढत जातो. आधी सर्दी-पडसं, मग थंडी, मग ताप, मग दाट पिवळा बेडका. गुठळीचा रोगी पुष्कळदा वेळ सांगतो. "मंगळवारी सकाळी बादली उचलली आणि एकदम छातीत धरलं." दुसरी खूण बेताची. डाग रुपयाएवढा आणि दम मात्र दोन पायऱ्यांत, ताप नव्याण्णव आणि नाडी एकशेवीस, हा हिशेब जुळत नाही. आता आशाताईंकडेसुद्धा बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं. छाती ऐकायला जवळजवळ स्वच्छ आणि ऑक्सिजन ब्याण्णव, हाही हिशेब जुळत नाही. तिसरी खूण म्हणजे औषध पोचूनही गुण न येणं, किंवा येऊन परत जाणं. आणि चौथी खूण चादरीखाली असते.

या खुणा पक्क्या नाहीत, हेही सांगून ठेवतो. कधी न्यूमोनियाही अचानक येतो, आणि गुठळीच्या निम्म्याअधिक रोग्यांच्या पायावर बाहेरून काहीच दिसत नाही. खुणांचा उपयोग एवढाच की त्या ताळा करायला भाग पाडतात.

*

पायातली गुठळी फुप्फुसात जाते हे आज शाळेतल्या मुलालाही पटेल. पण १८४६ सालापर्यंत ते कुणी नीट सिद्ध केलं नव्हतं. फुप्फुसातली गुठळी तिथेच तयार होते असा समज होता. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या रुडॉल्फ व्हिर्शो या पंचविशीच्या आतल्या डॉक्टरने तो मोडून काढला. त्याने कुत्र्यांच्या शिरांत रबराचे आणि गुठळ्यांचे तुकडे सोडले आणि ते फुप्फुसात जाऊन बसलेले दाखवले. शिरेतली गुठळी आणि वाहत जाऊन अडकलेली गुठळी यांना आज जगभर वापरली जाणारी दोन वेगळी नावंही त्यानेच दिली. त्याचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ चा. २०१४ पासून तो दिवस जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळतात. त्याच्या नावाने तीन कारणं सांगितली जातात: रक्त साचणं, शिरेला इजा होणं, आणि रक्त गोठायला अधीर होणं. ही तीन कारणं देगलूरच्या रस्त्यावर कुठे भेटतात ते बघू.

रक्त साचण्यासाठी प्लास्टरच लागतं असं नाही. नुसतं बसूनही ते साचतं. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत कॅनव्हासच्या खुर्च्यांवर बसून काढत. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीखाली रुतायची. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाला शवविच्छेदनात दिसलं की फुप्फुसातल्या गुठळीचे मृत्यू आदल्या वर्षाच्या साधारण सहापट झाले आहेत. बॉम्बपासून वाचलेली माणसं खुर्चीने मारली. २००४ मध्ये जपानच्या निइगाता भागात भूकंप झाला, तेव्हा घर कोसळेल या भीतीने मोटारीत झोपणाऱ्या काहींचंही तेच झालं. किल्लारीच्या भूकंपानंतर कित्येक रात्री उघड्यावर काढलेली माणसं आपल्यात आहेत. ती आडवी झोपू शकली, पाय लांब करू शकली, हेही थोडं नव्हतं.

आणि आपल्या खुर्च्या कोणत्या? देगलूरहून पुण्या-मुंबईला जाणारी रात्रीची ट्रॅव्हल्स. दहा-बारा तास गुडघे दुमडून, आणि गाडी थांबणार नाही म्हणून पाणी न पिता. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं की चार तासांहून लांबच्या प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. विमान असो, रेल्वे असो की बस. घाबरू नका, धडधाकट माणसाला तो तरीही सहा हजारांत एक इतका लहान असतो. पण नुकतंच ऑपरेशन झालेल्याला, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्याला, आधी गुठळी होऊन गेलेल्याला तो लहान राहत नाही. म्हणून बसमध्ये घोटे वरखाली करत राहा, मशीनवर पाय मारल्यासारखे. ढाब्यावर गाडी थांबली की खाली उतरा, चहा नाही घेतला तरी चालेल.

दुसरी जागा बाळंतिणीची खोली. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गच रक्त लवकर गोठण्याची सोय करतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचे असतात. नेमका हाच आपला सव्वा महिना. बाज, शेक, अंधारी खोली, आणि 'पाणी पिऊ नको, पोट सुटेल' हा सल्ला. पाणी तोडल्याने रक्त आणखी आटतं, बाजेवर ते साचतं, आणि सिझेरियन झालेलं असेल तर शिरेला इजा हे तिसरं कारणही हजर. आपल्या देशात बाळंतिणींच्या मेंदूच्या शिरेतही गुठळ्या होतात. डोकं दुखतं, झटके येतात आणि बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला जातो. आज्यांनो, शेक द्या, डिंकाचे लाडू द्या, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. फक्त तिला पोटभर पाणी प्यायला द्या आणि दुसऱ्या दिवसापासून घरात चालवा.

तिसरी जागा औषधाच्या दुकानाची. घरात पूजा आहे, लग्न आहे, वारीला जायचंय, म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या बायका सर्रास घेतात. या गोळ्या हार्मोनच्या असतात. बहुतेकींना त्याने काही होत नाही. पण स्वतःला किंवा आईबहिणीला कधी गुठळी झाली असेल, वजन फार असेल, पायाला प्लास्टर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. विठोबाला असल्या गोळ्यांची गरज नाही. मात्र आशाताईंनी याचा अर्थ 'माला-एन बंद करा' असा घेऊ नये. पाळणा लांबवणाऱ्या गोळीने धोका थोडा वाढतो खरा, पण गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो त्याहून बराच जास्त असतो.

चौथी जागा सांगताना जीभ जड होते. सुजलेल्या पोटरीला आपण काय करतो? तेल लावून चोळतो. दिल्लीत २०१६ मध्ये एका तेवीस वर्षांच्या मुलाच्या घोट्याला खेळताना दुखापत झाली, प्लास्टर लागलं, निघालं, पाय सुजून दुखत राहिला. आईने मायेने अर्धा तास तेलाने चोळून दिला आणि मुलगा तिथेच कोसळला. एम्सच्या डॉक्टरांना शवविच्छेदनात फुप्फुसाच्या धमनीत गुठळी सापडली. त्या आईचा दोष नाही. सुजलेली पोटरी चोळायची नसते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आज मी तुम्हाला सांगतो आहे. एकच पाय सुजलेला, गरम, दुखरा असेल तर तो चोळायचा नाही, शेकायचा नाही, नस बसवून घ्यायची नाही. तो दाखवायचा.

*

एक पाहणी सांगतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात भारतातली दहा रुग्णालयं होती. दाखल रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांना गुठळीचा धोका होता, आणि त्यांच्यापैकी प्रतिबंधाचा योग्य उपाय मिळाला होता तो फक्त १७ टक्क्यांना. चंदीगडच्या पीजीआयमध्ये एक हजार शवविच्छेदनं तपासली तेव्हा सुमारे १६ टक्क्यांत फुप्फुसातली गुठळी सापडली. म्हणजे देगलूरचा एकटा डॉक्टरच चुकत होता असं नाही. पण हे आकडे मी स्वतःच्या बचावासाठी वाचून दाखवत नाही. मोठ्या रुग्णालयात चुकतं ते माहितीच्या अभावी नाही, एकदा नाव पडलं की दुसरं नाव शोधायचं थांबतं म्हणून. केसपेपरवर पहिल्या डॉक्टरने 'न्यूमोनिया' लिहिलं की दुसरा तेच पुढे लिहितो, तिसरा औषध बदलतो, नाव कुणी बदलत नाही. सातबाऱ्यावरची चुकीची नोंद पिढ्यान्‌पिढ्या चालावी तशी.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. २०११ मध्ये तिच्या फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. तिने स्वतः सांगितलं, मला सिटी स्कॅन हवा, हेपॅरिन हवं. वेदनाशामकांनी ही गोंधळली असेल असं नर्सला वाटलं. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. मग सिटी केला, तर फुप्फुसात गुठळ्या. जगातली एवढी नामांकित खेळाडू, पैशाला तोटा नाही, आणि तिचंही कुणी चटकन ऐकलं नाही. तिथे शिंप्याच्या बायकोची काय कथा?

आता तपासण्यांचं थोडक्यात. डी-डायमर नावाची एक रक्ततपासणी आहे. गुठळी विरघळताना जो चुरा पडतो तो यात मोजतात. शिंप्याच्या दुकानात कातरण दिसलं तर काहीतरी कापलं गेलं एवढं कळतं, पण सदरा कापला की पायजमा ते कळत नाही. न्यूमोनियात, गरोदरपणात, म्हातारपणीही हा चुरा वाढतो. मात्र धोका कमी असलेल्या माणसाच्या दुकानात कातरणच नसेल तर गुठळी नाही असं बऱ्यापैकी म्हणता येतं. दुसरी तपासणी पायाच्या शिरांची सोनोग्राफी. शीर दाबली की चपटी होते. आत गुठळी असेल तर होत नाही. एवढी साधी गोष्ट. पक्कं उत्तर देते ती हातातून औषध सोडून केलेली छातीची सिटी अँजिओग्राफी. ती तेव्हा आमच्या हाताशी नव्हती. आज नांदेडला, लातूरला, हैदराबादला सहज होते. पण मशीन कितीही जवळ आलं तरी त्यात कुणाला घालायचं हे आधी कुणालातरी सुचावं लागतं.

*

औषधाची गोष्ट सांगतो, ती तुम्हा शेतकऱ्यांची आहे.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या उत्तर भागात गुरं मरू लागली. शिंग कापलं, खच्ची केलं की रक्त थांबेना. कारण निघालं वैरणीत. मेथीच्या भाऊबंदातलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत ओलं राहून बुरसलं की गुरांचं रक्त गोठायचं थांबायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळात सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, बुरसलेली वैरण आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. शनिवार होता, पशुवैद्यक खात्याची कचेरी बंद. उघडं दार दिसलं ते कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. लिंक त्याला म्हणाला, सध्या वैरण बदल, दुसरा इलाज माझ्याकडे नाही. शेतकरी तसाच परत गेला. पण लिंक आणि त्याचे सहकारी त्या वैरणीमागे सहा वर्षं लागले आणि रक्त न गोठू देणारं द्रव्य त्यांनी वेगळं काढलं. त्याच कुळातलं पुढचं औषध १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं, आणि काही वर्षांनी माणसांच्या गुठळ्यांवर. ते वॉरफॅरिन. शिंपीदादांनी सहा महिने घेतलं ते हेच.

त्याच्याआधी रुग्णालयात चालू केलं ते हेपॅरिन. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला ते सापडलं, तेही रक्त गोठवणारं द्रव्य शोधताना, म्हणजे नेमकं उलटं. ही औषधं खरंच जीव वाचवतात का, हे ब्रिस्टलमध्ये १९६० साली तपासलं गेलं. फुप्फुसात गुठळी असलेले पस्तीस रोगी. औषध न दिलेल्या १९ जणांपैकी ५ गुठळीनेच गेले, आणखी ५ जणांना गुठळी परत आली. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने एकही गेला नाही. तेव्हापासून अशा रोग्यांना औषधावाचून ठेवून बघण्याची हिंमत क्वचितच कुणी केली आहे.

म्हणजे बघा, या रोगाला इलाज आहे, आणि तो चांगला आहे. ही औषधं रक्त गोठू देत नाहीत, तोवर शरीर गुठळी स्वतःच विरघळवतं. निदान तीन महिने ती घ्यावी लागतात. वॉरफॅरिन घेणाऱ्याला रक्त वरचेवर तपासावं लागतं आणि मेथी-पालकाचं प्रमाण रोज सारखं ठेवावं लागतं. एक दिवस पातेलंभर आणि आठ दिवस काहीच नाही, हे चालत नाही. आता नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना ती वरचेवरची तपासणी लागत नाही. मात्र दोन्हींनी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मनाने सुरू करायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करायच्या नाहीत.

माझं बोलणं ऐकून उद्या गावातला प्रत्येक खोकणारा माणूस पाय वर करून बसेल, अशी मला धास्ती आहे. तसं करू नका. ताप-खोकला घेऊन येणाऱ्या बहुतेकांना छातीचाच संसर्ग असतो आणि तो नेहमीच्या उपचारांनी बरा होतो. मी मागतो आहे तो फक्त ताळा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, चक्कर आली, तर १०८ ला फोन करा. आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: महिन्याभरापूर्वी ऑपरेशन झालंय, प्लास्टर होतं, बाळंत झालीय, पुण्याहून रात्रभर बसून आलोय, गोळ्या चालू आहेत, एक पाय सुजलाय. डॉक्टर वैतागले तरी सांगा. मी वैतागलो होतो.

शिंपीदादा त्यानंतर बावीस वर्षं जगले. मशीनवर बसले, दोन मुलींची लग्नं केली. बरे होऊन आले तेव्हा मी त्यांची आणि वहिनींची माफी मागितली. दादा काही बोलले नाहीत. वहिनी म्हणाल्या, "सायेब, तुमचा आंगरखा द्या धुवायला." चार दिवसांनी ॲप्रन इस्त्री करून परत आला. डाव्या बाजूला, शिवणीच्या आत, एक लांबट अरुंद खिसा नव्याने लावलेला होता. त्यात कपड्याचा पिवळा टेप होता, दोन्ही टोकांना पितळी पट्टी असलेला.

त्यानंतर मी पुष्कळ ॲप्रन शिवून घेतले. दादा होते तोवर त्यांच्याकडे, आता त्यांच्या भाच्याकडे. प्रत्येकाला तो खिसा असतो. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं विचारतात, "सर, हा खिसा कशाला?" मी त्यांना रोग्याच्या पायावरची चादर बाजूला करायला सांगतो.